मोआब परिसरातील एकदिवसीय सफरी: दऱ्याखोऱ्यांच्या वाळवंटात नवख्यांनी नियोजन कसे करावे

यूटा राज्याच्या आग्नेय भागात, कोलोरॅडो नदीच्या काठी, मोआब नावाचे जेमतेम पाच हजार वस्तीचे गाव आहे. वाळूच्या खडकातील खोल दऱ्या, कमानी आणि सुळके पाहण्यासाठी त्या मुलखात पहिल्यांदा जाणाऱ्याने मुक्कामासाठी हेच गाव निवडावे, असे मी निःशंकपणे सांगेन. आर्चेस राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशद्वार येथून पाच मैलांवर आहे, कॅन्यनलँड्स उद्यानाच्या ‘आयलँड इन द स्काय’ या भागाचे माहिती केंद्र बत्तीस मैलांवर आहे, पूर्वेला बारा हजार फुटांहून उंच शिखरांची ला साल पर्वतरांग आहे, आणि कच्चे रस्ते तर गावाच्या वेशीपासूनच सुरू होतात. सॉल्ट लेक सिटीहून मोटारीने सुमारे चार तासांत, ग्रँड जंक्शनहून दोन तासांत आणि डेन्व्हरहून सहा तासांच्या आसपास येथे पोहोचता येते. भारतातून आलेल्या आईवडिलांना घेऊन निघालेले कुटुंब असो किंवा सह्याद्रीत पाय मुरलेले चार मित्र असोत, दोघांनाही येथे तीन-चार दिवस पुरतील इतक्या आणि परस्परांहून अगदी वेगळ्या सफरी आखता येतात.

मात्र सह्याद्रीतली एक सवय येथे सोडून द्यावी लागते. आपल्याकडे वाट चुकली तरी तासा-दोन तासांत एखादी वाडी लागते, गुराखी भेटतो, कोणीतरी पाणी देते आणि रस्ताही सांगते. येथे मुख्य रस्ता सोडल्यावर दिवसभरात दुसरे माणूस दिसेलच याची खात्री नसते, फोनला रेंज नसते आणि पाणी आपल्या गाडीत असेल तेवढेच असते. म्हणून सफर आखताना ‘कुठवर जाता येईल’ हा प्रश्न मागे ठेवून ‘किती वाजता परत डांबरी रस्त्याला लागायचे’ हे आधी ठरवावे आणि तेथून उलट मोजत दिवस बसवावा. पुढे दिलेले बहुतेक सल्ले याच एका नियमातून निघालेले आहेत.

रस्ते असे का आहेत

या भागातील कितीतरी कच्च्या वाटा पर्यटकांसाठी काढलेल्या नाहीत, हे लक्षात घेतले की त्यांचा स्वभाव कळतो. १९५२ मध्ये चार्ली स्टीन या भूवैज्ञानिकाला मोआबच्या आग्नेयेस युरेनियमचा मोठा साठा सापडला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत खनिज शोधणाऱ्यांची येथे झुंबड उडाली. बुलडोझर लावून कड्यांच्या पोटातून रस्ते कोरले गेले. शेफर ट्रेल ही मुळात स्थानिक आदिवासींची आणि नंतर गुराख्यांची वाट होती, तिच्यावरून पुढे युरेनियमचे ट्रक धावू लागले. आयलँड इन द स्कायच्या पठाराखालून जाणारा व्हाइट रिम रोडही त्याच काळातला. आणखी दक्षिणेला, मेक्सिकन हॅट गावाजवळचा ‘मोकी डगवे’ हा सुमारे तीन मैलांचा, अकराशे-बाराशे फूट उतरणारा कच्चा घाट १९५८ मध्ये खाणीतले खनिज शुद्धीकरणाच्या कारखान्यापर्यंत नेण्यासाठी बांधला गेला.

ट्रक खाणीपर्यंत जाऊन परत येत असे, एवढ्याच हिशोबाने हे रस्ते काढलेले आहेत. म्हणून त्यांना फाटे फार आहेत आणि त्यातले पुष्कळसे फाटे एखाद्या सोडून दिलेल्या खाणीपाशी किंवा कड्याच्या टोकाशी संपतात, कठडे नाहीत, आणि गाडी वळवायला जागा मिळेलच असेही नाही. नकाशावर रेघ आहे म्हणजे ती पलीकडे निघते, असे येथे कधीही गृहीत धरू नये.

नियोजनासाठी रस्त्यांच्या चार प्रती, म्हणजे दर्जे, मनाशी ठरवून घ्याव्यात. पहिली डांबरी. दुसरी, अधूनमधून ग्रेडर (रस्ता सपाट करणारे यंत्र) फिरवलेला कच्चा रस्ता, ज्यावरून कोरड्या हवेत साधी मोटार सावकाश जाऊ शकते. तिसरी, जिथे गाडीचे पोट जमिनीपासून उंच असावे लागते. चौथी, जिथे लो-रेंज गिअर (अगदी सावकाश पण जोरकस चालीसाठीचा जादा गिअर) असलेली खरी फोर-व्हील ड्राइव्ह गाडी आणि ती चालवण्याचा सराव दोन्ही लागतात. डांबरी रस्त्यावर तासाला पन्नास-साठ मैल सहज होतात. दुसऱ्या प्रतीत वीस-पंचवीस धरावेत आणि तिसऱ्या-चौथ्या प्रतीत तासाला पाच ते दहा मैलांच्या वर हिशोब करू नये. व्हाइट रिमचा फेरा शंभर मैलांचा आहे आणि लोक त्याला सहसा दोन-तीन दिवस देतात, यावरून काय ते समजावे. नवख्याने पहिल्या खेपेला दुसऱ्या प्रतीचा एखादा आणि जमल्यास तिसऱ्या प्रतीचा एक रस्ता करावा. चौथ्या प्रतीच्या वाटेला, उदाहरणार्थ कॅन्यनलँड्सच्या नीडल्स भागातील एलिफंट हिलला, स्थानिक चालकाबरोबरच जावे.

ऋतू आणि तारखा

एप्रिल-मे आणि सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर हे दोन काळ सर्वांत सुखाचे. जुलैत दुपारचे तापमान सरासरी ३७-३८ अंश सेल्सियसपर्यंत जाते आणि खडक रात्री उशिरापर्यंत तापलेला राहतो. हिवाळ्यात रात्री पारा शून्याखाली उतरतो, घाटात बर्फ साचते आणि शेफर ट्रेलसारखे रस्ते अशा वेळी बंदही ठेवले जातात, पण गर्दी नसल्यामुळे ज्यांना फक्त डांबरी रस्त्यावरून फिरायचे आहे त्यांना हा काळ चांगला आहे. दिवस मात्र फार लहान असतो. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, तर जूनमध्ये पावणेनऊपर्यंत उजेड असतो.

ईस्टरच्या आधीचा आठवडा शक्यतो टाळावा. १९६७ पासून त्या सुमारास येथे जीप चालवणाऱ्यांचा मोठा मेळावा भरतो, खोल्या मिळत नाहीत आणि ज्या निवांतपणासाठी आपण आलो तो कच्च्या रस्त्यांवरही सापडत नाही.

प्रवेशाचे नियम निघण्यापूर्वी उद्यानांच्या अधिकृत संकेतस्थळावर ताजे पाहून घ्यावेत, कारण ते वर्षागणिक बदलतात. आर्चेसमध्ये २०२२ पासून काही हंगाम आत जाण्याची वेळ आधी आरक्षित करावी लागत असे, आणि आरक्षणाची अट नसली तरी आतले वाहनतळ भरले की प्रवेशद्वार काही तास बंद ठेवतात. या दोन राष्ट्रीय उद्यानांचे शुल्क प्रत्येकी मोटारीमागे तीस डॉलर असून ते सात दिवस चालते. डेड हॉर्स पॉइंट हे उद्यान राज्य सरकारचे असल्याने तेथे राष्ट्रीय उद्यानांचा पास चालत नाही, वेगळे पैसे भरावे लागतात. भारतातून आलेल्या पाहुण्यांसाठी आणखी एक गोष्ट: २०२६ पासून अमेरिकेबाहेरच्या रहिवाशांना वार्षिक पास अडीचशे डॉलरना मिळतो आणि अकरा गर्दीच्या उद्यानांत पास नसल्यास माणशी शंभर डॉलर जादा द्यावे लागतात. आर्चेस आणि कॅन्यनलँड्स त्या यादीत नाहीत, पण ब्राइस कॅन्यन आणि झायन आहेत. त्यामुळे सफरीला ती उद्याने जोडणार असाल तर खर्चाचा हिशोब बदलतो.

गाडीचा निर्णय

विमानतळावर भाड्याने घेतलेल्या मोटारीच्या करारात कच्च्या रस्त्यावर गाडी नेण्यास बहुधा मनाई असते आणि तेथे काही बिघडले तर विम्याचा उपयोग होत नाही. म्हणून डांबरी दिवसांसाठी साधी मोटार ठेवावी आणि कच्च्या रस्त्याच्या एका दिवसापुरती मोआबमध्येच जीप भाड्याने घ्यावी. येथील जीप भाड्याने देणारे कोणत्या वाटेवर गाडी नेता येईल आणि कोणत्या वाटेवर नाही, हे नकाशावर दाखवून देतात. ते नीट ऐकावे, शक्य तर त्याच नकाशाचा फोटो काढून घ्यावा. दिवसभराच्या या भाड्याकडे चैन म्हणून पाहू नये, कारण दुर्गम वाटेवरून गाडी ओढून आणण्याचे बिल हजार डॉलरच्या पुढे सहज जाते.

‘ऑल-व्हील ड्राइव्ह’ आणि ‘फोर-व्हील ड्राइव्ह’ यांत पुष्कळजण गल्लत करतात. शहरातल्या बहुतेक एसयूव्ही पहिल्या प्रकारच्या असतात. त्यांना लो-रेंज गिअर नसतो, त्यामुळे तीव्र उतारावर सगळा भार ब्रेकवर येतो आणि तो तापतो. कॅन्यनलँड्सच्या दुर्गम रस्त्यांसाठी उद्यान प्रशासनही हा भेद पाळते. समुद्रकाठी किंवा वाळूच्या टेकड्यांवर चालवतात त्या उघड्या चारचाकी बग्ग्या दोन्ही राष्ट्रीय उद्यानांत नेता येत नाहीत, हेही ठाऊक असावे.

गाडी ताब्यात घेताना स्टेपनी पूर्ण आकाराची आहे का, जॅक आणि पाना जागेवर आहेत का, हवा भरण्याचा छोटा पंप आहे का, हे स्वतः वाकून पाहावे. टाकी भरल्याशिवाय कच्च्या रस्त्याला लागू नये आणि अर्धी झाली की गावाकडे वळावे. कॅन्यनलँड्समध्ये पेट्रोल नाही, खाण्याचे दुकान नाही. नदीकाठच्या राज्य महामार्ग १२८ वरही पंप नाही. पश्चिमेकडे जाणार असाल तर ग्रीन रिव्हर गावानंतर आंतरराज्य महामार्ग ७० वर सॅलिना येईपर्यंत शंभराहून अधिक मैल काहीच नाही.

पाणी, शिदोरी, नकाशा

दिवसाला माणशी चार लिटर पाणी हा येथील सर्वमान्य हिशोब आहे. चौघांच्या गाडीत वीस लिटरचा एक भरलेला कॅन असावा आणि प्रत्येकाच्या पाठीवरची बाटली वेगळी. कोरड्या हवेत घाम अंगावर दिसत नाही, तो लगेच उडून जातो, त्यामुळे ज्येष्ठांना आपण कोरडे पडत आहोत हे उशिरा कळते. नुसते पाणी पीत राहणेही बरे नव्हे, कारण घामावाटे मीठही जाते. मीठ-साखरेचे पाणी, खारे शेंगदाणे, चिवडा, लोणच्याची फोड असे काही सोबत असू द्यावे. शिदोरीला दशम्या किंवा ठेपले उत्तम, कारण ते उन्हात विटत नाहीत. पावाचे तुकडे मात्र या हवेत अर्ध्या तासात कडक होतात.

मार्ग दाखवणाऱ्या ॲपवर येथे विसंबून राहू नये. ते सर्वांत जवळचा रस्ता शोधते, तो रस्ता ओढ्याच्या पात्रातून जातो की कड्यावरून उतरतो याचे त्याला सोयरसुतक नसते. गावातच परिसराचा छापील नकाशा विकत घ्यावा, फोनमध्ये नकाशा उतरवून ठेवावा आणि निघण्याच्या सकाळी माहिती केंद्रात किंवा दूरध्वनीवरून रस्त्याची स्थिती विचारावी. नकाशा अलीकडचा असणेही तितकेच महत्त्वाचे आहे. उद्यानांबाहेरची बरीचशी जमीन केंद्र सरकारच्या भूमी व्यवस्थापन खात्याकडे आहे आणि त्या खात्याने २०२३ मध्ये मोआबच्या पश्चिमेकडील भागातल्या सुमारे ३१७ मैलांच्या वाटा वाहनांना बंद केल्या. त्या निर्णयावर पुढे वादही झाले. जुन्या नकाशावर मोकळी दिसणारी वाट आज बंद असू शकते, बंद असलेली पुन्हा उघडूही शकते.

आपण कोठे चाललो आहोत आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर मदत मागवायची, हे गावाबाहेरच्या एका माणसाला लिहून पाठवावे. एप्रिल २००३ मध्ये ॲरन राल्स्टन हा तरबेज गिर्यारोहक याच मुलखातील ब्लूजॉन कॅन्यनमध्ये एकटा उतरला, सुटलेल्या धोंड्याखाली त्याचा हात अडकला आणि तो कोठे गेला आहे हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे पाच दिवसांनंतर स्वतःचा हात कापून त्याला बाहेर पडावे लागले. नवीन फोनमध्ये उपग्रहामार्फत मदतीचा संदेश पाठवण्याची सोय असते, पण अरुंद घळीत आकाशच दिसत नसेल तर तीही कामी येत नाही.

पहिला दिवस: फक्त डांबरी

पहिल्या दिवशी कच्च्या रस्त्याचे नाव काढू नये. पहाटे निघून महामार्ग १९१ ने उत्तरेला जावे आणि राज्य महामार्ग ३१३ ला वळून आयलँड इन द स्काय गाठावे. हे एक सपाट पठार आहे आणि ते भोवतालच्या प्रदेशापासून हजार फुटांहून अधिक उंच उभे आहे. मेसा आर्च ही छोटी कमान सूर्योदयाच्या वेळी खालून तांबूस उजळते. तेथपर्यंतची चाल अर्ध्या-पाऊण मैलाचीच आहे, पण छायाचित्रकारांची रांग असते. नंतर ग्रँड व्ह्यू पॉइंटला कड्याच्या कडेने जाऊन-येऊन दोन मैलांची सपाट वाट चालावी. खाली बाराशे फुटांवर व्हाइट रिमची पांढुरकी पायरी आणि तिच्यावरून गेलेली रस्त्याची बारीक रेघ दिसते. उद्या-परवा आपल्याला कशावरून जायचे आहे, किंवा कशावरून जायचे नाही, हे येथून चांगले समजते. अपहीव्हल डोम हे खोलगट वर्तुळ उल्कापाताने झाले असावे असा पुरावा दाखवला जातो, तेही पाहण्यासारखे आहे.

दुपारचे ऊन गावात काढून संध्याकाळी डेड हॉर्स पॉइंटला यावे. नदी येथे दोन हजार फूट खाली वळसा घेते. ज्येष्ठांसाठी हे ठिकाण सर्वांत सोपे आहे, कारण वाहनतळापासून कठड्यापर्यंत फारसे चालावे लागत नाही.

आर्चेससाठी वेगळा अर्धा दिवस पुरतो. डेलिकेट आर्चची वाट जाऊन-येऊन तीन मैलांची, ४८० फूट चढाची आणि पूर्णपणे बिनसावलीची आहे, तेव्हा ती भल्या सकाळी किंवा उतरत्या उन्हात करावी आणि परतताना अंधार पडणार असेल तर प्रत्येकाजवळ विजेरी असावी.

दुसरा दिवस: नदीकाठ आणि पहिला कच्चा रस्ता

राज्य महामार्ग १२८ मोआबहून कोलोरॅडो नदीच्या काठाकाठाने, उंच लाल भिंतींमधून जातो. हा रस्ता डांबरी आहे आणि एवढा सुंदर आहे की घाईने संपवू नये. साधारण वीस मैलांवर उजव्या हाताला ओनियन क्रीकचा फाटा लागतो आणि माझ्या मते नवख्याच्या पहिल्या कच्च्या अनुभवासाठी याहून योग्य रस्ता नाही. तो ओढ्याला वीसहून अधिक वेळा ओलांडतो, पण कोरड्या दिवसांत पाणी बहुधा घोट्याइतकेच असते. रस्त्याची नियमित डागडुजी होते, आणि जमेनासे वाटले तर कोठूनही मागे फिरता येते. थोडे पुढे फिशर टॉवर्सच्या सुळक्यांकडे जाणारा दोन मैलांचा कच्चा रस्ता आहे. तो कोरड्या हवेत साध्या मोटारीनेही होतो.

उन्हाळ्यात आला असाल तर परतताना कॅसल व्हॅलीतून ला साल पर्वताचा फेरा घ्यावा. रस्ता आठ हजार फुटांच्या वर चढतो आणि लाल खडकाच्या जागी ॲस्पेनची झाडे दिसू लागतात. अरुंद आणि वळणांचा असल्याने सुमारे साठ मैलांच्या या फेऱ्याला तीन तास धरावेत. हिवाळ्यात वरचा भाग बर्फामुळे बंद असतो.

तिसरा दिवस: शेफर ते पोटॅश

जीप घेऊन करायची ही खरी सफर. आयलँड इन द स्कायच्या पठारावरून शेफरच्या नागमोडी घाटाने सुमारे पंधराशे फूट खाली उतरायचे, मग पोटॅश रोडने नदीच्या अंगाने मोआबला परतायचे. घाट पाहून छाती दडपते, पण वास्तविक खालचा पोटॅशकडचा खडकाळ टप्पाच गाडीची अधिक परीक्षा घेतो. उतरण्यापूर्वी वरच्या सज्जावर थांबून घाटात किती गाड्या वर येत आहेत ते मोजावे. चढणाऱ्या गाडीला वाट देणे ही येथील रीत आहे, म्हणून आपण उतरत असाल तर रुंद वळणावर थांबून तिला पुढे जाऊ द्यावे. लो-रेंजमध्ये पहिला किंवा दुसरा गिअर टाकून इंजिनाच्या ओढीवर गाडी उतरू द्यावी, पाय सतत ब्रेकवर ठेवू नये.

टायरमधली हवा कमी करण्याबद्दल नवख्यांना धाकधूक असते. नेहमीच्या ३५ पीएसआयच्या (हवेच्या दाबाचे माप) जागी २२ ते २५ ठेवली की टायरचा जमिनीशी संबंध वाढतो, दगडावर चाक मऊ बसते आणि टोकदार कपारीने टायर फाटण्याची शक्यताही कमी होते. याहून खाली नवख्याने उतरू नये. ग्रेडर फिरवलेल्या रस्त्यावर जमीन पन्हाळी पत्र्यासारखी झालेली असते. तेथे वेग वाढवला की थरथर कमी होते असे पुष्कळजण सांगतात आणि ते खरेही आहे, पण त्या वेगात चाकांची पकड सुटते. थरथर सोसावी, वेग वाढवू नये.

वाळूचा पट्टा आला तर आधी उतरून चालत पाहावे. मऊ वाळूत गाडी मध्येच थांबवू नये, एकसारख्या हलक्या गतीने पार व्हावे. चाक रुतून फिरू लागले की लगेच ॲक्सलरेटर सोडावा, कारण प्रत्येक गरगर आणखी चार बोटे खोल नेते. चाकांपुढची वाळू हाताने काढून गाडीतल्या पायपुसण्या आत सरकवल्या की पुष्कळदा गाडी सुटते.

पोटॅश रोडच्या शेवटी खनिज खताचा कारखाना आणि त्याची निळीशार तळी दिसतात. बाष्पीभवन लवकर व्हावे म्हणून त्या पाण्यात निळा रंग मिसळतात. तेथून डांबर सुरू होते. वाटेत कड्यावर कोरलेली प्राचीन चित्रे रस्त्यावरूनच दिसतात आणि अंगात बळ उरले असेल तर कोरोना आर्चची छोटी चाल करता येते.

वेळेचे गणित या दिवशी कटाक्षाने पाळावे. जायला जितका वेळ लागला त्याच्या दीडपट परतीसाठी राखावा, हा माझा नेमका नियम. आल्या वाटेने परतायचे असेल, सकाळी दहाला डांबर सोडले असेल आणि पाचला पुन्हा डांबरावर यायचे असेल, तर पाऊण वाजता, समोर काहीही असो, गाडी वळवायची. ऑक्टोबरच्या मध्यास सूर्यास्त सातच्या आत होतो, म्हणजे एखादे पंक्चर झाले तरी ते उजेडातच निस्तरता येते.

व्हाइट रिमवर त्याच दिवशी थोडे जाऊन यावे असा मोह होतो. त्यासाठी एका दिवसापुरताही परवाना लागतो, तो आधी काढावा. कॅन्यनलँड्सच्या मेझ या भागाचा विचार पहिल्या खेपेला करूच नये. राज्य महामार्ग २४ पासून तेथील हान्स फ्लॅटच्या चौकीपर्यंतच ४६ मैल कच्चा रस्ता आहे आणि पुढे दऱ्यांपर्यंत तीन ते सहा तास लागतात.

पाऊस कोठे पडतो आहे

मोआबला वर्षभरात नऊ-दहा इंच पाऊस पडतो. आपल्याकडे तेवढा कोकणात एका दिवसात पडतो, म्हणून मराठी माणूस या आकड्याला हसतो. पण उघड्या खडकावर पडलेले पाणी मुरत नाही, सगळे एकाच वेळी घळींकडे धावते. जुलै ते सप्टेंबर या काळात दुपारनंतर गडगडाटी ढग जमतात आणि दहा-पंधरा मैलांवर पडलेल्या सरीचा लोंढा आपल्या डोक्यावर निळे आकाश असताना येतो. १२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोनातील लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये अकरा पर्यटक असेच वाहून गेले. पाऊस त्यांच्यावर जवळजवळ पडलाच नव्हता. सांदण दरी पावसाळ्यात का टाळतात हे ज्यांना माहीत आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. अरुंद घळीत शिरण्यापूर्वी आपल्या गावचा नव्हे, तर वरच्या अंगाच्या पाणलोटाचा अंदाज पाहावा, आणि थोडीही शंका असेल तर त्या दिवशी घळ सोडून कड्यावरची ठिकाणे करावीत. कोरड्या ओढ्यात गाडी उभी करून जेवायला बसू नये. पाणी वाहू लागलेच तर ओलांडू नये, उंचावर थांबावे; असे लोंढे बऱ्याचदा काही तासांत ओसरतात.

पुराइतकीच दगा देणारी गोष्ट म्हणजे माती. राखाडी, जांभळट किंवा हिरवट पट्ट्यांच्या टेकड्या दिसल्या की तेथे ज्वालामुखीच्या राखेपासून झालेली बेंटोनाइट माती आहे असे समजावे. ती कोरडी असताना डांबराइतकी टणक वाटते, भिजली की चाकांना गोळा होऊन चिकटते, मडगार्डमध्ये ठासून बसते आणि फोर-व्हील ड्राइव्ह गाडीही आडवी घसरू लागते. रस्त्यावर उतरून बुटाची टाच दाबून पाहावी. टाच रुतली आणि तळव्याला चिखलाचा जाड थर आला, तर पुढे जाण्याचा विचार सोडावा. अशा रस्त्यावर सापडलाच असाल तर ऊन पडून माती वाळेपर्यंत थांबणे हाच उपाय आहे, आणि गाडीत जादा पाणी, अन्न व पांघरुणे ठेवायची ती याचसाठी.

जमिनीशी वागणूक

वाटेच्या कडेला काळपट, खडबडीत, फुगीर मातीचा थर दिसेल. तो नील-हरित जिवाणू, शेवाळे आणि दगडफूल यांनी मिळून बांधलेला जिवंत थर आहे, तो वाळू धरून ठेवतो आणि एका पावलाने मोडला तर पुन्हा बनायला अनेक वर्षे लागतात. म्हणून चालताना खडकावरून, कोरड्या ओढ्याच्या पात्रातून किंवा मळलेल्या वाटेवरूनच चालावे, आणि समोरून गाडी आली तरी आपली गाडी रस्त्याबाहेर काढू नये. रुंद जागेपर्यंत मागे घ्यावी. कोरलेल्या किंवा रंगवलेल्या चित्रांना हात लावू नये, त्यांवर पाणी मारून फोटो काढू नये. मडक्याची खापरी किंवा दगडी पाते सापडले तर जेथे आहे तेथेच राहू द्यावे, ते उचलणे गुन्हा आहे. राष्ट्रीय उद्यानांत ड्रोन उडवण्यास मनाई आहे. कुत्रा सोबत असेल तर शेफर-पोटॅशचा रस्ता सोडून कॅन्यनलँड्सच्या इतर कच्च्या रस्त्यांवर त्याला गाडीत बसवूनही नेता येत नाही, याचा विचार घरूनच करावा.

परत आल्यावर

डांबराला लागताच टायरमध्ये पुन्हा पूर्ण हवा भरावी; कमी हवेच्या टायरवर महामार्गाच्या वेगाने गेल्यास टायर तापून फुटतो. गाडीखाली वाकून कोठे तेल गळते आहे का, झुडूप अडकले आहे का, हे पाहावे. अडकलेले वाळके गवत सायलेन्सरच्या उष्णतेने पेट घेऊ शकते. त्यानंतर, जेवायला जाण्यापूर्वी, ज्याला सकाळी बेत कळवला होता त्याला आपण सुखरूप पोहोचल्याचे कळवावे, नाहीतर ठरलेल्या वेळी तो मदत मागवेल आणि शोधपथक रात्री विनाकारण दरीत उतरेल.